डुकराचा अर्थ

तुम्ही म्हणता, मास्तर, गाण्याचा अर्थ सांगणं म्हणजे बसून खायचं काम. अहो, एका अर्थापायी माझी नोकरी जाता जाता राहिली!

तेव्हा मी मांडवीच्या शाळेत शिकवायचो. शिमग्याच्या नमनाच्या खेळात गावच्या गाणी रचणाऱ्या गोपाळाने एक गाणं म्हटलं. रानडुक्कर आधी शेतातलं भात खातं, मग जरीचा फेटा बांधून त्याच शेतात पीक किती आलं याची आणेवारी करायला येतं. चार दिवसांत ते पोरासोरांच्या तोंडी झालं. आणि आमच्याकडे जरीचा फेटा बांधून आणेवारीला येणारे एकच, मामलेदार.

गोपाळाला चौकीवर बसवला आणि शाळामास्तर म्हणून अर्थ सांगायला मला बोलावलं. फौजदार टाक घेऊन समोर. मामलेदार शेजारच्या खुर्चीत, डोक्याला तोच फेटा.

"डुक्कर म्हणजे कोण?" फौजदाराने विचारलं.

खरं बोलावं तर गोपाळ तुरुंगात, खोटं पकडलं तर माझी नोकरी. गोपाळ मान वर करीना. 

"डुक्कर म्हणजे लोभ," मी म्हटलं. "शेत म्हणजे हा देह."

"आणि फेटा?"

"फेटा म्हणजे... अहंकार."

फौजदार मान डोलावत सगळं लिहून घेऊ लागला. ते बघून मामलेदारांचा तोल सुटला. त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

"साफ खोटं! कसला लोभ नि कसला अहंकार! अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे, ते डुक्कर मीच!"

फौजदाराने टाक दौतीत बुडवला आणि अदबीने विचारलं, "साहेब, हे आपल्या सहीनिशी घेऊ?"