आमच्या ओव्हनचं दार

तुमच्या घरात कधी नीट लावलेलं दार आपोआप उघडलंय का? आमच्या मेहरूण भागातल्या घरी ओव्हनचं उघडायचं. धुळ्याच्या लेकीसाठी नानकटाई भाजायला ठेवली, की थोड्या वेळाने खट्ट आवाज व्हायचा आणि दार सताड उघडं. मी चिडून परत लावायचे. पुन्हा तेच. शेवटी कंटाळून बटण बंद करायचे.

दुरुस्तीला सलीमभाऊ आले. त्यांनी आत तापमापक ठेवून ओव्हन सुरू केला. बटण एकशेऐंशीवर होतं आणि आत तीनशे झाले, तेव्हा त्यांनी घाईने बंद केला.

"अक्का, थर्मोस्टॅट गेलाय. शेजारी सिलिंडर ठेवलाय तुम्ही. दार उघडलं नसतं तर घर पेटलं असतं."

"म्हणजे दाराचा लॅच सैल होता, तेच बरं झालं."

त्यांनी गरम असतानाच दार लावून हिसके दिले. ते हललं नाही.

"लॅच पक्का आहे, अक्का. हे दार हाताने लॅच दाबून ओढल्याशिवाय उघडत नाही. घरात कोण असतं?"

"मी एकटीच."

सलीमभाऊंनी चहा तसाच ठेवला आणि पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवा थर्मोस्टॅट बसवला. मी नानकटाई लावली, आणि दार शेवटपर्यंत बंद राहिलं.