साहेबांनी कळवलं होतं

खाली नको गं बसू, खुर्चीवर बस. आज चालेल. चहा घे — तुझ्याच कपात ओतलाय. हां, तर मी काय म्हणत होतो — गुन्हा. गुन्हा कशाला म्हणतात, मंजुळा? गेल्या जुलैत मी बांध फोडला, पाणी तुमच्या वस्तीत शिरलं, तुझे वडील गेले — लोकांना वाटतं, झाला गुन्हा. कायद्याला तसं वाटत नाही. आमचे गॉडफ्रे वकील आहेत ना, पापडीचे, त्यांनी पुस्तक उघडून दाखवलं मला. नव्या संहितेत कलम एकोणीस, जुन्यात एक्क्याऐंशी होतं. मोठं नुकसान टळावं म्हणून एखाद्यानं लहान नुकसान केलं, मनात वाईट हेतू नसताना केलं, तर तो गुन्हाच नव्हे. आग पसरू नये म्हणून मधलं घर पाडतात की नाही? पाडतात. घरवाला रडतो — रडणारच. म्हणून पाडणाऱ्याला कोणी आत टाकत नाही.

आता तूच बघ. आमच्या सोसायटीत चौऱ्याऐंशी फ्लॅट. बांधापलीकडे तुमची मिठागरवाल्यांची अकरा घरं. तीन दिवस पाऊस थांबेना, पार्किंगमध्ये मांडीइतकं पाणी, मीटररूमच्या उंबऱ्याला टेकलेलं. मीटररूम बुडाली की अख्ख्या बिल्डिंगची लाइट गेली, आणि पहिल्या मजल्यावर आल्बिना आंटी — ऐंशी वर्षांची बाई, ऑक्सिजनच्या मशीनवर. लाइट गेली की मशीन बंद, मशीन बंद की आंटी — कळलं ना? मी चेअरमन. मी नाही ठरवणार तर कोण ठरवणार? शेजारच्या साइटवर जेसीबी उभा होता, चार वाजता ड्रायव्हरला म्हटलं, चल, फोड. चाळीस मिनिटांत पार्किंग मोकळं! — काय? आंटी? नाही, आंटी तेव्हा घरी नव्हती. सकाळीच मर्विननं, तिच्या मुलानं, ट्रॅक्टरवर बसवून पापडीला नेलं होतं तिला. पण परत आली असती तर? आणि गाड्या काय, त्या माणसांच्या नसतात? आमच्या वेदांतची गाडी चार दिवसांपूर्वी आलेली, रॅम्पवर चढवून ठेवलेली, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं त्यानं — नाही नाही, गाडीसाठी नाही फोडला. असं कुठं बोलू नकोस.

शिवाय दुसरा मार्गच नव्हता. कोर्टात हे फार लागतं, दुसरा मार्ग नसणं. पालिकेचा पंप — हो, निघाला होता पंप, मला फोन आला होता, तासाभरात पोचतो म्हणाले. आता यांचा तास कसा असतो तुला माहीत आहे. आला तो पाचला, बरोबर पाचला — पण तेव्हा त्याचं इथं काम काय उरलं होतं?

रडू नकोस गं. तुझ्या बापाचं, श्रीपतचं मला वाईट वाटत नाही असं नाही. पण सत्तरी उलटलेला माणूस, अर्धं अंग गेलेलं, चार वर्षं खाटेवर — तूच म्हणायचीस ना भांडी घासताना, बा सुटला तर बरं? म्हणायचीस. मी ऐकलंय. बाकी सगळी चढली ना देवळाच्या ओट्यावर? पोरंबाळं, म्हाताऱ्या, कोंबड्यासुद्धा. तोच तेवढा राहिला. एक माणूस, मंजुळा. एक.

बरं, ऐक, कशाला बोलावलंय ते. गॉडफ्रेंना माहीत नाही तू इथं आलीस ते, आणि त्यांना कळायलाही नको. ते म्हणतात, न्यायाधीश एक प्रश्न हमखास विचारणार — बांध फोडायच्या आधी त्या लोकांना कळवलं होतंत का? काळजी घेतली असेल तरच हेतू चांगला मानतात. आता तू त्या दिवशी इथंच होतीस, माझ्या घरात, कामाला. उद्या कोर्टात एवढंच सांगायचं — साहेबांनी मला सांगितलं, बांध फोडतोय, घरी फोन कर. मी केला, पण कोणी उचलला नाही. झालं! खोटं कसलं त्यात? तू केला असतास तरी लागला नसता, पावसात तिकडे रेंज कुठं असते. — तुझ्यावर? तुझ्यावर कसं येईल? आणि समजा लोक म्हणाले, हिनं फोन करून सोडून दिलं, धावत का गेली नाही — म्हणू देत. तू पोटची मुलगी, तुला कोण काय करणार.

काय म्हणालीस? मोठ्यानं बोल. — "मला खरंच का नाही सांगितलं?" अगं, सुचलं नव्हतं असं वाटतं का तुला? वसुंधराच म्हणाली होती. अहो, मंजुळा आत आहे, तिला सांगते, ती जाऊन बापाला हलवेल. मी म्हटलं, गप्प बस. ती काय एकटी जाईल गुपचूप? आरडाओरडा करेल, अकराच्या अकरा घरं बांधावर येऊन बसतील, मग जेसीबी कोणाच्या अंगावर घालू? तिला काहीतरी काम दे, अडकवून ठेव म्हटलं. म्हणून तर भजी तळायला लावली तुला. चांगली दोन घाणे —

मंजुळा?

अशी बघू नकोस माझ्याकडे. हे आपलं घरातलं बोलणं. — सांगशील? कोर्टात सांगशील हे? सांग की! भांडीवालीचं कोण ऐकतं, त्यात तू मयताची मुलगी, खार खाऊनच बोलणार असं म्हणतील. साक्षीला कोण आहे तुझ्या? या खोलीत तेव्हा मी आणि वसुंधरा, दोघंच. आणि पस्तीस वर्षांत ती माझ्या शब्दाबाहेर गेलेली नाही. थांब, तुझ्यासमोरच विचारतो. वसुंधरा! जरा बाहेर ये. हिला सांग, असलं काही बोलणं झालंच नव्हतं म्हणून. — सांग ना. — अशी दारात काय उभी राहिलीस? — वसुंधरा, अगं मी काय विचारतोय? — तू चपला कशाला घालतेस?

बरं. जा. जा, दोघी जा. — दार ओढून घ्या, डास येतात.