मुलूखियात पडला रस्सा

"हिंदू, बौद्ध, ग्रीक, सगळ्यांनी मांस सोडून पाहिलं, पण अर्धं वर्ष दूध-अंड्यालाही न शिवणारे आपण कॉप्टिक ख्रिस्तीच, दमियाना!"

कैरोत, शुब्रामध्ये, उसळीच्या गाडीपुढच्या रांगेत बिशाईकाका शेजारणीला सांगत होते.

"काका, मी मुलूखियाच्या पालेभाजीत कोंबडीचा रस्सा ओतलाय."

"ऐन उपवासात?"

"आजारी सासूबाईंसाठी ठेवला होता, घाईत तोच हाताला लागला. आता मुलीला बघायला येताहेत, आणि मुलाचे वडील पाद्री!"

"अगं, एका घासात ओळखतील! सोयरीक मोडेल."

"म्हणून तर इथे उभी आहे. उसळच वाढते. ही रांग का हलत नाहीये?"

"आणि ती भाजी?"

"फेकून देते."

"अन्न फेकू नये गं. वाटीभर माझ्याकडे पाठव. झाकण मात्र घट्ट लाव."