उताराची फरशी

मिस्त्री : बोलायला बरं वाटत नाही डॉक्टरीणबाई, पण तुमच्या खोलीची फरशी उताराची आहे.

लेक : बाबा, आल्या आल्या सुरू नका करू.

मिस्त्री : सुरू काय करायचंय? पायाला लागलं ते सांगितलं. या दारापासून त्या कपाटाकडे. बादलीभर पाणी ओता, सगळं कपाटाखाली गोळा होईल.

डॉक्टर : तीन वर्षं मी इथे बसतेय, मला कधी कळलं नाही. चप्पल दाराबाहेर काढलीत ती यासाठी?

लेक : नव्या जागेत ते अनवाणीच शिरतात. डोळे मिटून चार पावलं चालतात. चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय ना. कुणाच्याही घरी फरशी झाली की लोक यांना बोलावून तिच्यावर चालायला लावायचे. मिस्त्रींनी मान डोलावली की मग सामान आत.

मिस्त्री : लेव्हलची पट्टी हातातून पडते, आपटते, तिचा बुडबुडा कधी दगा देईल सांगता येत नाही. पाय दगा देत नाहीत.

डॉक्टर : दिला म्हणून तर आलात, काका. तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी आहे माझ्यासमोर. तीन महिन्यांत तीनदा पडलात.

मिस्त्री : पडलो नाही, घसरलो.

लेक : एकदा न्हाणीघरात, एकदा जिन्यात आणि एकदा भर रस्त्यात. कोरडा रस्ता, पायात चांगली चप्पल. तिथे कशानं घसरलात?

मिस्त्री : तो रस्ताच उताराचा आहे.

डॉक्टर : बरं. चक्कर येते का? डोळ्यांपुढे अंधारी? हातापायाला मुंग्या?

मिस्त्री : काही नाही. कान बघून झाले, डोळे झाले, रक्त काढून झालं, हाडांचा फोटो झाला. सगळं ठीक निघालं. मग म्हणाले, मान आणि पाठ कुणाला तरी दाखवा. म्हणून ही मला हाडं मोडणाऱ्या बाईकडे घेऊन आली.

डॉक्टर : मी कायरोप्रॅक्टर आहे. मणक्यांचे सांधे हातानं तपासते, कुठे आखडले असतील तर हलकेच मोकळे करायला बघते. मोडायचं काही नाही. आणि आधीच सांगते, तोल माझ्या एकटीच्या हातानं परत येईल असं मी म्हणणार नाही. मदत होऊ शकते, एवढंच.

मिस्त्री : हे बरं बोललात. पहिल्याच दिवशी छातीठोक बोलणारा कंत्राटदार मला कधी मानवला नाही.

डॉक्टर : घरी कोण कोण असतं?

लेक : बाबा, मी आणि उखडलेलं स्वयंपाकघर.

डॉक्टर : उखडलेलं म्हणजे?

लेक : सांगा की बाबा.

मिस्त्री : तूच सांग. तुझ्या पोटात आहे ते.

लेक : स्वयंपाकघराची फरशी मी बसवली होती, डॉक्टर. आठ वर्षं यांच्या हाताखाली माल कालवला, दोरी धरली, थापी चालवली. पण अख्खी खोली एकटीनं करायची ती पहिली. बाबांनी हात लावला नाही, बघायलाही आले नाहीत. मी दोरी लावली, प्रत्येक फरशीवर लेव्हल ठेवली. सूतभर फरक नव्हता. पूर्ण झाल्यावर हे अनवाणी चालले आणि म्हणाले, खिडकीकडे उतार आहे.

मिस्त्री : होता.

लेक : मी आणखी दोन लेव्हल आणल्या. तिन्हींचा बुडबुडा मधोमध.

मिस्त्री : तिन्ही एकाच दुकानातल्या.

लेक : मग एका सकाळी यांनी पहार घेतली आणि सगळी उखडली. दोन महिने झाले, आम्ही बाहेरच्या खोलीत शेगडी मांडून खातोय.

डॉक्टर : आणि तुमचं काम?

लेक : सोडलं. टाइल्सच्या दुकानात आहे आता, लोकांना नमुने दाखवते. ‘जिला सरळ-वाकडं कळत नाही, तिनं थापी कशाला धरावी?’ हे माझं वाक्य नाही.

मिस्त्री : रागाच्या भरात गेलं तोंडातून.

लेक : चार माणसांसमोर गेलं.

डॉक्टर : एक विचारू? तिन्ही लेव्हल तुमच्या बाजूनं होत्या. तरी तुम्ही बाबांचं खरं मानलंत?

लेक : त्यांचे पाय चुकलेले मी कधी पाहिले नाहीत, डॉक्टर. लहानपणापासून पाहतेय. ते चुकत नाहीत म्हटल्यावर चुकायला उरलं कोण? मीच.

डॉक्टर : हं. ती लेव्हल आता आहे का तुमच्याकडे?

लेक : दुकानातली छोटी आहे पिशवीत. का?

डॉक्टर : ठेवा बघू इथे. दारापासून कपाटाकडे.

लेक : ही ठेवली. मधोमध आहे.

डॉक्टर : म्हणजे माझी फरशी निर्दोष सुटली.

मिस्त्री : ही चौथी खोटी लेव्हल.

डॉक्टर : असेलही. काका, इथे या. खिडकीकडे तोंड करून उभे राहा, हात समोर. डोळे मिटा आणि जागच्या जागी पन्नास पावलं टाका. मी मागे आहे, ताई उजव्या बाजूला राहतील, पडू देणार नाही. हं, करा सुरू. मी मोजते.

मिस्त्री : शाळेतल्या कवायतीची आठवण झाली.

डॉक्टर : बोलू नका. ...अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास. थांबा. डोळे उघडायचे नाहीत. खिडकी कुठे आहे?

मिस्त्री : नाकासमोर. जाणार कुठे?

डॉक्टर : उघडा डोळे.

मिस्त्री : हे... हे तर कपाट आहे.

लेक : बाबा, तुम्ही उजवीकडे वळत वळत गेलात. विसाव्या पावलापासूनच.

मिस्त्री : बाईंनी वळवलं मला.

डॉक्टर : बोटसुद्धा लावलं नाही.

मिस्त्री : पोरी, माझ्या गळ्याची शपथ घेऊन सांग.

लेक : शपथ कशाला? नाही लावलं.

मिस्त्री : तू कर बघू. डोळे घट्ट मिट, बदमाशी नको.

लेक : मोजा तुम्हीच.

मिस्त्री : ...पन्नास. उघड. जरा पुढे सरकलीस. पण तोंड खिडकीकडेच.

डॉक्टर : थोडंफार सगळेच सरकतात. एवढ्यावरून काही ठरवायचं नसतं. पण मला आता एक कुतूहल वाटतंय. ताई, तुमच्या स्वयंपाकघरात दारातून शिरलं की खिडकी कुठल्या हाताला येते?

लेक : उजव्या.

डॉक्टर : जिन्यात पडले तेव्हा मार कुठे लागला?

लेक : उजव्या खांद्याला. अजून काळंनिळं आहे, दाखवत नाहीत.

डॉक्टर : न्हाणीघरात?

लेक : उजवं कोपर.

डॉक्टर : आणि काका, तो उताराचा रस्ता? कुठल्या बाजूला उतार आहे त्याला?

मिस्त्री : उजवीकडे.

डॉक्टर : बसा खुर्चीवर. हा पट्टा कपाळाला बांधते, त्यात लाल दिवा आहे. ठिपका भिंतीवरच्या गोलाच्या मध्यावर आणा. आला? आता डोळे मिटा, मान डावीकडे वळवा आणि परत होती तिथे आणा. आलात की सांगा.

मिस्त्री : आलो.

डॉक्टर : बरोबर मध्यावर?

मिस्त्री : बरोब्बर.

डॉक्टर : बघा.

मिस्त्री : पोरी, त्या ठिपक्यापासून मध्यापर्यंत मोज.

लेक : चार बोटं, बाबा. उजवीकडे.

मिस्त्री : परत करतो.

लेक : ...पुन्हा तेवढंच.

मिस्त्री : पट्टा सैल असेल. आवळा जरा. परत.

लेक : उजवीकडेच. जरा जास्तच.

मिस्त्री : तीनदा. आणि तिन्ही वेळा एकाच बाजूला.

डॉक्टर : हो.

मिस्त्री : हात चुकला तर कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. भिंत सगळीकडे एकाच बाजूला झुकलेली निघाली, की समजायचं गवंडी ठीक आहे, त्याची उभी दोरी, तो ओळंबाच, बिघडलाय. मी पोरांना हेच शिकवत आलो.

डॉक्टर : हे मला इतकं नीट सांगता आलं नसतं. काका, चाळीस वर्षांत छताला गिलावा किती केलात?

मिस्त्री : छताचा गिलावा म्हणजे मीच. बाकीच्यांची मान दुखायची. मी दिवसचे दिवस वर बघत उभा राहायचो. उजव्या हातानं थापी, मान तिकडे वळलेली.

डॉक्टर : आता वळवते हं मी. डावीकडे जाते एवढी. उजवीकडे... निम्मीसुद्धा नाही. दुखतं?

मिस्त्री : दुखत नाही. ती तशीच आहे. खूप वर्षं.

लेक : मला वाटायचं यांची ऐटच तशी आहे. कुणी हाक मारली की मान नाही, अख्खं अंग वळवतात.

डॉक्टर : माणूस उभा आहे की झुकलाय, याची खबर मेंदूला चौघांकडून जाते. डोळे, कान, पाय आणि मान. मानेच्या वरच्या सांध्यांत त्या खबरा फार असतात. माझा अंदाज असा, अंदाजच हं, की तुमची मान आखडून आखडून चुकीची खबर द्यायला लागलीय. अंग उजवीकडे झुकलेलं असतं आणि मान म्हणते, सरळ आहेस. पायांना मात्र उजवीकडे जास्त भार लागतो. मग मेंदू काय निवाडा करेल?

लेक : की फरशीच वाकडी.

डॉक्टर : पाय खोटं बोलत नव्हते, काका. भार उजवीकडे पडतोय हे ते खरंच सांगत होते. फक्त ती खबर फरशीची नव्हती, तुमची होती.

मिस्त्री : मग आता करायचं काय, ते सांगा.

डॉक्टर : टेबलावर उताणे झोपा. हलक्या हातानं बघते. कुठेही नको वाटलं तर थांबा म्हणायचं, मी थांबेन.

(थोड्या वेळानं. मिस्त्री उताणे पडलेले, डोकं डॉक्टरांच्या दोन्ही हातांत.)

मिस्त्री : कडकड आवाज नाही झाला.

डॉक्टर : व्हायलाच हवा असं कुणी सांगितलं? सैल सोडा. हं, असं. घोट्यांनाही हात लावणार आहे नंतर, तेही कडक झालेत.

लेक : यानं पडणं थांबेल, डॉक्टर?

डॉक्टर : खरं सांगू का? काहींचा तोल अशा उपचारानं थोडा सुधारलेला दिसतो, आणि काहींना फरक पडत नाही. त्यावर झालेले अभ्यास अजून लहान आहेत. म्हणून नुसत्या माझ्या हातावर विसंबायचं नाही. रोज भिंतीला धरून एका पायावर उभं राहायचं, ठिपक्याचा हाच खेळ घरी करायचा, जिन्याला आणि न्हाणीघरात धरायला दांडी बसवायची. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजू. फरक नसेल तर मी स्वतःच दुसरीकडे पाठवेन. आणि मधेच चक्कर, बोलताना अडखळणं, हात जड पडणं असं काही झालं, तर माझ्याकडे नाही, सरळ दवाखान्यात जायचं.

लेक : आणि शिडीवर चढणं?

डॉक्टर : तूर्त बंद.

मिस्त्री : ते मला कळतं. एवढाही हेकट नाही मी.

लेक : नाही, अजिबात नाही.

डॉक्टर : उठा सावकाश. एका कुशीवर व्हा, मग हातानं रेटा द्या. बसा जरा. पट्टा बांधून पुन्हा एकदा बघायचं?

मिस्त्री : बघू... पोरी, मोज.

लेक : तीन बोटं. सव्वातीन.

मिस्त्री : कमी झालं!

डॉक्टर : लगेच पेढे वाटायला नको. चौथ्यांदा करताना सरावानंही जमतं. सहा आठवडे धीर धरा.

मिस्त्री : धरतो. मालही पक्का व्हायला दिवस घेतोच.

डॉक्टर : मी कसरती कागदावर लिहून आणते, मोठ्या अक्षरात. तोवर उठू नका.

मिस्त्री : पोरी.

लेक : काय?

मिस्त्री : फरशी सरळ होती.

लेक : डॉक्टर म्हणाल्या ना, अंदाज आहे म्हणून.

मिस्त्री : त्यांचा मानेचा अंदाज आहे. फरशीचं मी सांगतोय. तू दोरी लावलेली मी खिडकीतून चोरून पाहिली होती. तेव्हाच मनात म्हटलं होतं, इतकी तंग दोरी मला पंचविसाव्या वर्षी जमत नव्हती. आणि मग चालून बघितलं, पायाला उतार लागला, आणि मी घाबरलो.

लेक : तुम्ही? कशाला?

मिस्त्री : चूक तुझी नसेल तर माझी, हे मलाही दिसत होतं. पाय गेले तर मिस्त्रीचं उरलं काय? म्हणून खापर तुझ्या डोक्यावर फोडलं. चांगलं काम उखडलं मी. तुझं.

लेक : आता सांगून काय उपयोग? तुकडे झाले सगळे.

मिस्त्री : ज्या चार जणांसमोर बोललो, त्यांना घरी बोलावतो. त्यांच्यासमोर सांगतो, चूक माझी होती म्हणून.

लेक : मला नको आहे तो तमाशा.

मिस्त्री : तमाशा मी केला, निस्तरायचाही मीच.

लेक : मला राग आलाय, बाबा. खूप. आत्ता लगेच जाणार नाही तो.

मिस्त्री : नको जाऊ देऊस. बाळग हवा तितके दिवस.

लेक : दुकानात रोज कुणी ना कुणी विचारतं, ताई, ही बसवून कोण देईल? मला सगळं येतंय, आणि मी मान खाली घालून सांगते, मिस्त्री शोधा कुणीतरी. दोन महिने हेच सांगतेय.

मिस्त्री : आणि उद्या विचारलं तर?

लेक : उद्या...

मिस्त्री : हं?

लेक : उद्या विचारेन, खोली केवढी आहे तुमची?