पाव तास पुढचं घड्याळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे ज्येष्ठ विश्वस्त माननीय रावजी पाटील, व्यासपीठावर विराजमान प्राचार्या उत्कर्षाताई, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या संगणक विभागाचे सर्वेसर्वा यशपाल बनसोडे, त्यांच्या सौभाग्यवती राजश्रीताई, प्राध्यापकवर्ग, कर्मचारी बंधुभगिनींनो आणि मागं दाराशी उभं राहून मोबाइल बघणाऱ्या विद्यार्थ्यांनो,

या संस्थेचा सचिव म्हणून, आणि संस्थापक अण्णारावांचा मुलगा म्हणून, यशपालरावांना निरोप द्यायला मी उभा आहे. ते स्वखुशीनं जाताहेत. राजीनाम्यात तसंच लिहिलंय. तसं लिहायला मीच सांगितलं होतं.

बिरप्पा, माझ्याकडचा पंखा जरा वाढव.

यशपालरावांचे वडील सिद्रामजी गिरणीत होते. भोंग्यावर उठायचे, भोंग्यावर जेवायचे. अशा घरातला मुलगा एवढा शिकला, याचं मला कायम कौतुक वाटत आलंय. आता तोंडावरच सांगतो, आम्हाला वाटलं नव्हतं.

पुढं गिरणी बंद पडली, भोंगा थांबला. अण्णा म्हणायचे, त्या दिवसापासून सोलापूर उशिरा उठायला लागलं. म्हणून त्यांनी काय केलं? संस्थेतली सगळी घड्याळं पाव तास पुढं लावली. ही आपली संस्थेची वेळ. यायचं संस्थेच्या वेळेनं आणि जायचं बाहेरच्या वेळेनं. हसताय काय? याला दूरदृष्टी म्हणतात.

तर या वर्षी आपण तीन नव्या लॅब उभ्या केल्या. सगळे लिनक्सवरचे संगणक. त्यात यशपालरावांनी एक चांगली व्यवस्था केली होती, हे मी मोकळ्या मनानं मान्य करतो. एकच मुख्य सर्व्हर. प्रत्येक मुलाचं नाव आणि पासवर्ड तिथंच. मुलगा कुठल्याही संगणकावर बसला तरी चालेल. आणि नवा संगणक आणून नुसता चालू करायचा, तो आपला आपण सर्व्हरकडं जाऊन नाव नोंदवून येणार. कुणी हातानं काही करायचं नाही.

ऐकायला लई गोड. पण एकही संगणक नोंद करून घेईना की! सर्व्हर प्रत्येकाला दारातूनच परत पाठवायचा.

उद्घाटन तोंडावर आलेलं, पाहुणे पुण्याहून यायचे होते. यशपालराव वायरी तपासत होते. मशिनांची नावं तपासली, एकाच नावाची दोन तर नाहीत ना, ते बघितलं. सर्व्हरचा पत्ता तपासला. मग माझ्या केबिनमध्ये येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, बाकी सगळं बरोबर आहे. घड्याळ चुकलंय."

मी म्हटलं, कुणाचं?

"सर्व्हरचं, साहेब. तुमी पुढं करायला लावलं होतं ते."

खरं आहे. हजेरीचं यंत्र आणि तासांची घंटा त्या सर्व्हरवरच चालते. तेव्हा त्यालाही संस्थेची वेळ नको? त्याचं घड्याळ मी यशपालरावांच्याच हातानं पुढं करून घेतलं होतं. तेव्हा ते कुरकुरले होते, मी लक्ष दिलं नव्हतं. आता त्यांनी मला शिकवायला सुरुवात केली. म्हणे, नवी मशिनं चालू होताच बाहेरची खरी वेळ घेतात. आणि सर्व्हरचा नियम असा, की समोरच्याच्या आणि आपल्या घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला तर त्याला आत घ्यायचं नाही. जुना पास दाखवून कुणी तोतया शिरू नये म्हणून. मी म्हटलं, मग मशिनांचीही घड्याळं पुढं करा. तर हे म्हणाले, "मग बाहेरच्या परीक्षेची साइट त्यांना घेणार न्हाय. बाहेरचं जग आपल्या घड्याळावर चालत नाही, साहेब."

अण्णांच्या फोटोखाली उभं राहून म्हणाले हे! मी काही बोललो नाही. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, मी लगेच बोलत नाही.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. पाहुणे माझ्याकडं चहा घेताहेत आणि लॅबमध्ये संगणकांचे सगळे पडदे नुसते निळे. आपला शिपाई बिरप्पा धावत आला, "साहेब, अजून एक बी मशीन आत जाईना!" मी चिडून म्हटलं, बनसोडेंना सांग, काय वाटेल ते करा, पण चालू करा.

त्यांनी केलं. सर्व्हरचं घड्याळ पाव तास मागं घेतलं. आणि काय सांगू मंडळी, ओळीनं एकेक मशीन नोंद होत गेलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, माझी पाठ थोपटली. तिथवर यशपालरावांबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती.

मग आम्ही या सभागृहात आलो. माझं भाषण चालू होतं. त्या समोरच्या भिंतीवरच्या अण्णांच्या घड्याळात तास संपला. घंटा झाली नाही. ती झाली पाव तासानं, मी अण्णांच्या वक्तशीरपणाबद्दलच बोलत असताना. पाहुण्यांनी मनगटावर पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घंटा अगदी बरोबर आहे हो तुमची. भिंतीवरचं घड्याळ तेवढं दुरुस्त करून घ्या."

तुम्ही हसला होतात. कोण कोण हसलं, ते मला आठवतं.

दुसऱ्याच दिवशी चौकशी समिती नेमली. आजचे अध्यक्ष रावजी हेच तिचेही अध्यक्ष, उत्कर्षाताई सदस्य. आरोप एकच, संस्थेच्या वेळेत फेरफार. यशपालराव म्हणाले, साहेबांनीच काय वाटेल ते करा म्हटलं होतं. समितीनं बिरप्पाला विचारलं. बिरप्पाला काही आठवलं नाही. खाली कशाला बघतोस बिरप्पा? तुझी नोकरी आहे की अजून.

सर्व्हरचं घड्याळ आता पुन्हा पुढं आहे. लॅबना कुलूप आहे. मुलांची प्रात्यक्षिकं तोंडावर आलीत, त्याचं काय ते नवा माणूस बघेल.

यशपालराव मात्र पुण्याला निघालेत म्हणे. मोठी कंपनी आहे. इथलं भाड्याचं घर सोडलं, मुलीचा दाखला काढला. त्या कंपनीतून काल मला फोन आला होता, माणूस कसा आहे विचारायला. मी एक शब्द खोटा बोललो नाही. म्हटलं, हुशार आहे, निर्व्यसनी आहे, फक्त फेरफाराबद्दल चौकशी होऊन बाहेर पडतोय. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत, आता दुसरा माणूस बघतो.

का हो राजश्रीताई, तुम्हाला कळवलं नाही का त्यांनी अजून? अरेरे. म्हणजे माझ्याच तोंडून कळायचं होतं तर.

असो. यशपालराव, या वर. चादर, श्रीफळ, आणि संस्थेकडून खास आठवण म्हणून हे नवं भिंतीवरचं घड्याळ. आम्ही लावूनच दिलंय, पाव तास पुढं. घ्या.

अहो, काय करताय? मागं कशाला फिरवताय त्याला? इथं, व्यासपीठावर?

पाहिलंत, मंडळी? समितीनं काय वेगळं म्हटलं होतं?

कोण टाळ्या वाजवतंय? वाजवा, वाजवा की! मी इथून नावं घेतो, आणि उद्यापासून तुमचं घड्याळ मी बघतो.

हं. झालं शांत.

अध्यक्ष महोदयांनी वेळ काढला, सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल ऋणी आहे. मी साधा माणूस, बोलण्याच्या भरात अधिकउणं गेलं असेल तर पोटात घाला. राजश्रीताई, डोळे पुसा, फोटो काढायचाय. आणि यशपालराव, लगेच नसेल जमत तर सावकाश माफ करा. आता तुम्हाला कुठं वेळेवर पोचायचंय?