बिनव्याजी फियाट

कडुबा : ह्येच ते? एवढंसं? अरे, एसटीचा पास ह्याच्याहून मोठा असतो.

पुंडलिक : बा, वाकवू नका. तुटलं तर दुसरं मिळायला महिना जाईल.

कडुबा : आन् ह्या पत्त्यावर सांडू मिस्त्रीनं तुला फियाट दिली?

पुंडलिक : पत्ता नाय हो, क्रेडिट कार्ड. कंपनीत बँकेचा माणूस आला होता. वाळूजच्या आमच्या अख्ख्या प्लांटमधी चारच जणांना दिलं, त्यात मी. वस्तू आज घ्यायची, पैसे पन्नास दिवसांनी भरायचे. बिनव्याजी.

कडुबा : बिनव्याजी! ते काय असतं मला इचार. पिशोरला सालगडी राहिलो तवा मालकाकडनं उचल घेतली, ती बी बिनव्याजीच व्हती. व्याज नव्हतं, पण साल काय संपत नव्हतं.

मालनबाई : झालं, निघाले पिशोरला. अहो, लेकानं दारात गाडी आणून उभी केली, ती तं बघा. पुंडलिका, रंग कसाय रे? मला इथून नुसतं टप दिसतंय.

पुंडलिक : दुधी हाय, माय. जुनी हाय, पण इंजन एकदम मस्त.

मालनबाई : मंग चल, बसू.

पुंडलिक : आज नको.

मालनबाई : काल बी आज नको म्हणलास. चावी खिशात घालून हिंडतोस आन् बसू म्हणलं की तोंड फिरवतोस. काय झालंय?

कडुबा : बोल की. तोंडात काय गूळ धरलाय?

पुंडलिक : माझी चूक झाली, बा. सांडू मिस्त्रीकडं कार्ड चालत नाय. त्याला मशीन लागतं. ते सराफ्यात असतं, निराला बाजारात मोठ्या दुकानांत असतं, गॅरेजात कुठलं? मी म्हणलं, हरकत नाय. बँकेत गेलो, कार्डावर रोख काढली, साठवलेल्या पैशात घातली आन् मिस्त्रीच्या हातावर ठेवली.

कडुबा : बरं केलंस. मंग?

पुंडलिक : वस्तू घेतली तरच बिनव्याजी. रोख काढली की त्याच दिवसापासनं व्याज सुरू. काल कॅशियरनं सांगितलं. हसत होता मेला.

कडुबा : म्हणजे उचलच झाली की रे! काय म्हणत व्हतो मी?

मालनबाई : तुम्ही गप बसा हो. लेकरू आधीच कोमेजलंय.

पुंडलिक : मिस्त्री भला माणूस हाय. म्हणला, इतवारपर्यंत आण, सगळे पैसे परत देतो. उद्या देऊन येतो मी. म्हणून बसू नको म्हणलं, माय. एकदा का तू बसलीस, मंग माझ्याच्यानं ती परत देववणार नाय.

मालनबाई : तुझं स्कूटरवर बरं चाललं व्हतं. मोटारीची एवढी घाई काहून झाली?

पुंडलिक : तुला ठाव नाय?

मालनबाई : तू सांग.

पुंडलिक : चौदा तारखेला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. अख्खी वस्ती गेली. बा गेले, मी गेलो. गुलाल झटकत घरी आलो तर तू पांढरं लुगडं नेसून उंबऱ्यावर बसलेली, पाय पसरून. "कसं दिसतं रे नाव?" म्हणलीस. मला घास गेला नाय त्या दिवशी.

मालनबाई : मी आपलं सहज इचारलं.

पुंडलिक : सहज नाय. नामांतराच्या मोर्चाच्या पळापळीत विद्यापीठाच्या कमानीपाशी पडलीस, गुडघा मोडून घेतलास, आन् वरून पण केलास. नाव लागल्याबिगर ह्या कमानीखालून पाय टाकणार नाय म्हणून. आतल्या हॉस्टेलच्या झाडलोटीला कमान चुकवून लेण्यांकडच्या पायवाटेनं जायचीस, तसल्या पायानं. अख्खी नोकरी तशी काढलीस. आता नाव लागलं तर हा पाय वाकत नाय. रिक्षात मावत नाय. फियाटच्या मागच्या शीटवर आडवा टाकता येतो. मी सगळ्या गाड्यांत स्वतः पाय पसरून बसून बघितलं, तवा ही घेतली.

कडुबा : मी तिला सायकलवर नेणार व्हतो.

मालनबाई : सायकलवर! ऐकलंस का रे?

कडुबा : हसायला काय झालं? दवाखान्यातून सायकलवरच आणली व्हती की. कॅरियरला उशी बांधून, पाय दोरीनं अडकवून. बेगमपुऱ्यातल्या घरापस्तोर एकदा बी उतरवली नाय.

मालनबाई : तवा तुमच्या छातीत दम व्हता. आता दोन पायडल मारले की तुम्हालाच कॅरियरवर बसवावं लागंल.

कडुबा : उशी धुऊन ठेवलीया मी. नाव लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशीच.

मालनबाई : ती तुम्ही धुतली व्हय? मी म्हणते वळणीवर कुणाची उशी वाळती.

पुंडलिक : माय, असं करू. उद्या परत देण्याआधी एक चक्कर मारून आणतो तुला. मन घट्ट करतो मी.

मालनबाई : नाय. परत द्यायच्या गाडीत बसून मी त्या कमानीकडं जाणार नाय. एवढी वर्षं थांबले ती काय उसन्या गाडीत मिरवायला?

पुंडलिक : मंग काय करू मी?

मालनबाई : परत द्यायचीच नाय.

कडुबा : आन् व्याज कोण भरंल? तू?

मालनबाई : सांडू मिस्त्रीची बायको राजाबाई आमच्या भिशीत हाय. तुमच्या आधी मला सगळं ठाव व्हतं. मिस्त्रीनं तिला सांगितलं, तिनं दुपारी भिशीत सांगितलं. ह्या महिन्याचा नंबर भामाबाईचा. ती म्हणली, मपला नंबर मालनला द्या. तिच्या पोरीचं लगीन उन्हाळ्यात हाय, तवा ती मपला घेईल. एकीनं बी नाक मुरडलं नाय.

पुंडलिक : भामामावशीनं नंबर सोडला?

मालनबाई : डब्यात बांधून ठेवलेत पैसे. उद्या बँकेत जा आन् काढलेली रोख भरून ये. त्या कॅशियरला म्हणावं, आता हास.

पुंडलिक : माय, अगं पण...

मालनबाई : रडतोस काय येड्यासारखा? मोटारीचा मालक ना तू? हप्ता तू भरायचा भिशीचा, दर महिन्याला, मपल्या नावानं. आन् एक अट हाय. भिशीतल्या ज्या बाईला पायी चालवत नाय तिला कमानीपस्तोर नेऊन आणायचं. पेट्रोल तुझं.

कडुबा : बघ, आलं का व्याज!

मालनबाई : आलं. त्यातलं निम्मं तुमच्याकडं. गाडीचं दार उघडून उभं राहायचं, एकेकीला हात द्यायचा.

कडुबा : आन् पहिली कोण?

मालनबाई : ते बी भामाबाईच ठरवून गेली. मी.

(इतवारी सकाळी, विद्यापीठाच्या रस्त्याला, गाडीत.)

कडुबा : उशी बरी बसली का पायाखाली?

मालनबाई : बसली. पुंडलिका, हळू घे. ती काय, दिसाय लागली.

पुंडलिक : दिसली? आता सरळ खालून नेतो बघ तुला. महाराणीसारखी.

मालनबाई : थांबव.

पुंडलिक : अगं, कमान अजून पुढं हाय.

मालनबाई : म्हणून तं थांबव म्हणते. उतरव मला.

पुंडलिक : उतरायचं? मंग गाडी कशाला घेतली मी?

मालनबाई : इथपर्यंत यायला. लई चांगली गाडी घेतलीस, बाळा. पण पाय टाकणार नाय असा पण केला व्हता, तो बसून कसा सोडू?

कडुबा : आन् गुडघा?

मालनबाई : गुडघा इथंच गेला व्हता ना? त्याला बी बघू द्या की.

कडुबा : सावकाश. आधी हा पाय. हां. कुठं पडली व्हतीस गं नेमकी?

मालनबाई : त्या बाजूला, खांबापाशी. तुम्ही मला हाका मारत उलटीकडं पळत व्हता.

कडुबा : मला वाटलं, गेलीस तू.

मालनबाई : पुंडलिका, नाव वाच रे. मोठ्यानं.

पुंडलिक : डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ.

मालनबाई : परत वाच.

पुंडलिक : डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर...

मालनबाई : बस. आता जाते मी.

कडुबा : हात धर.

मालनबाई : नको. लोक बघतील.

कडुबा : बघू दे.

मालनबाई : बरं, धरा. पण ओढू नका. मला हळू जायचंय.