कोरड्यावरचे सापळे

— नाही नाही, बोट नका घालू त्या सापळ्यात, बाई! तुटणार नाही, पण तासभर बोंबलाल, आणि तिकडे ओमाहा शहरात माझ्या डार्लाला कळेल की म्हातारीनं पाहणीला आलेल्या बाईलाच धरलं. द्या इकडे. आणि बसा की त्या खोक्यावर — कोंबड्यांची घाण वाळलेली आहे, लागत नाही. तर काय विचारलंत? ऐंशीला टेकलेल्या बाईला एकटीला सगळं जमतं का? डार्लाचा प्रश्न आहे हा, लेकीचा आवाज ओळखते मी. मग हेच बघा. साधी नळी. तळाशी मार्शमॅलो, ती मऊ गोड मिठाई — मासळी नाही घालायची, मासळीला मांजरं येतात. कुत्रा नाक खुपसतो नि निघून जातो. रॅकूनला, त्या पट्टेरी शेपटीच्या चोराला, हात असतात हो, माणसासारखे! आत घालतो, मुठीत धरून ओढतो, की पडला खटका. हाव कुणाची? त्याची. मग मला कशाला बोल?

सगळे सांगतात, रॅकून धरावा तर ओढ्यात. माझा नवरा, ऑर्व्हिल, चाळीस हिवाळे मांडीपर्यंतच्या रबरी बुटांत पाण्यात उभा राहिला. तो गेला तेव्हा शेजारचा डेल, तोही ओढ्यात सापळे लावतो, म्हणाला — व्हर्ला, आता विकून टाक सापळे, तुझ्यानं पाण्यात उतरवणार नाही. नाही उतरवणार, माहितेय मला! पण रॅकून काय ओढ्यात झोपतो? पाणी पितो नि वर येतो — मक्याच्या कडेनं, कुंपणाच्या तारेखालून. गवत दबलेलं असतं, तारेला केस अडकलेले असतात, डोळे असले की दिसतं. मी कोरड्यावर लावले. अकरा. पहिल्याच हिवाळ्यात डेलपेक्षा नऊ जास्त धरले. त्याचं तोंड बघायला हवं होतंत तुम्ही! कातड्याला आता कुणी विचारत नाही, खरंय — पण गेल्या साली चौदा कोंबड्या मारल्या माझ्या. मुंडकी खाल्ली नि बाकीचं तसंच टाकलं. ते मी बघत बसू?

आणि रोज बघावे लागतात सगळे, कायदाच आहे — मी नऊच्या आत बघते. एक दिवस चुकवला नाही. मंगळवारी तेवढी दुपार झाली, कारण — काही नाही, घसरले. खाली बर्फ, मेख ठोकत होते, हातोडी एकीकडे नि मी एकीकडे. पडतं की माणूस! तुम्ही नाही पडत? उठायला जरा वेळ लागला इतकंच. जरा म्हणजे — ऊन डोक्यावर आलं. कमरेत जीवच नव्हता हो. आणि दहा हातांवर, पुढच्या सापळ्यात, एक दांडगा रॅकून, नर. हात अडकलेला. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. तो ओढायचा, दमायचा, बसायचा — मी पण तेच. हाक मारली मी. मैलभरात माणूस नाही, कुणाला मारणार? डार्लाला मारली. ती ओमाहाला आहे हे ठाऊक असून — लहानपणी जेवायला बोलवायचे ना, तशी. त्यानं कान टवकारले. मग माझी मलाच लाज वाटली. सरपटत खांबाशी गेले, एकेक तार धरून उभी राहिले. मग? सोडून दिलं असेल, असं वाटलं तुम्हाला? अहो, त्याच्यासाठीच तर गेले होते! बर्फात पडलेली बंदूक उचलली, एकच गोळी. मग राहिलेले चार सापळे बघितले. दुसऱ्या दिवशी गेले. आजही जाऊन आले.

— हे सांगायचं नव्हतं मला. डार्लाला ठाऊक नाही हे.

तिनं खोली तयार ठेवलीय माझ्यासाठी, पिवळा रंग दिलाय. गुणी पोर आहे, वाईट कोण म्हणतंय? पण खिडकीतून दिसते शेजाऱ्याची भिंत. सकाळी उठून मी बघायचं काय तिथं, भिंत?

लिहा. पडली म्हणून लिहायचं तर लिहा. पण पडली ती आपली आपण उठली, कुणी उचलली नाही, तेही लिहा! कोणत्या रकान्यात ते तुमचं तुम्ही बघा... आता हात कशाला पुढे करताय? नको. माझी मी उठते. बाजूला व्हा. व्हा म्हणते ना! वेळ लागला तर लागला — थांबा...

हं. उभी आहे. बघितलंत? मग निघा आता.